उन्हाळ्यात नवा ग्रुप क्लास लावायचा असेल तर

विचारणाऱ्या बाईंचं म्हणणं थोडक्यात असं: वय ४४, दिवसभर बैठं काम. तीन वर्षं एकटीनेच चालणं आणि ट्रेडमिल. दर उन्हाळ्यात कंटाळा येऊन व्यायाम तुटतो आणि पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन महिने जातात. मैत्रीण म्हणते, यंदा एखादा मजेचा ग्रुप क्लास लावून बघ. पण ताल जमत नाही, चारचौघांत नाचायची लाज वाटते, आणि एवढ्या उकाड्यात नवीन काही सुरू करावं की नाही तेही कळत नाही.

मी गेली १९ वर्षं ग्रुप क्लास घेते आहे. स्टेप (म्हणजे बुटक्या फळीवर तालात चढ-उतार), डान्स, सायकलिंग, पाण्यातले व्यायाम, सगळं शिकवलंय. माझं उत्तर: सुरू करा, आणि उन्हाळ्यातच करा. उकाड्यात पहिले दोन आठवडे शरीराकडून जोर कमी लावूनच काम घ्यावं लागतं. नवा व्यायामप्रकार शिकतानाही सुरुवातीला जोर कमीच हवा, कारण तेव्हा पावलं, पकड आणि श्वास बसायचे असतात. थंडीत नवा माणूस पहिल्याच दिवशी जीव खाऊन व्यायाम करतो आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबून घरी बसतो. उन्हाळ्यात हवाच त्याला आवरते. या दोन महिन्यांत किती घाम गाळला ते मोजू नका, किती प्रकार करून पाहिले ते मोजा.

आधी उकाड्याचं बोलते, कारण ते नीट कळलं की क्लास निवडणं सोपं जातं. स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीला लागतो, बाकीच्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो कातडीची उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून टपटप गळणारा घाम पाणी आणि मीठ तेवढं नेतो, थंडावा काही देत नाही. म्हणून बंद खोलीत पंचवीस जण उड्या मारत असतील, हवा दमट असेल आणि पंखे नसतील, तर डोक्यावर ऊन नसूनही शरीर तापतं. क्लास बघायला जाल तेव्हा चालू बॅचच्या शेवटच्या दहा मिनिटांत दारात उभ्या राहा. आतून कोंदट, ओलसर हवा अंगावर आली तर ती वेळ किंवा ती जागा उन्हाळ्यापुरती सोडा. बाकी सगळं, आरसे, लाकडी जमीन, स्पीकर, त्यानंतर बघायचं.

शरीर उकाड्याला सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच कामाला नाडी कमी पळते. मग घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. दोन-तीन आठवडे खंड पडला की हा सराव उतरतो. पहिल्या दोन आठवड्यांत मी नव्या माणसाला अर्ध्या जोरावरच ठेवते. अर्धा जोर ओळखायला यंत्र लागत नाही: शेजारणीशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्याचे तीन तुकडे व्हायला लागले की उड्या आणि हात बंद करायचे, पाय मात्र चालू ठेवायचे. मनगटावरचं घड्याळ उकाड्यात नाडी एरवीपेक्षा जास्त दाखवतं, आणि बीटा ब्लॉकर गटातल्या (रक्तदाब, हृदयासाठीच्या) गोळ्या चालू असतील तर ती कमी दिसते. दोन्ही वेळा वाक्याची परीक्षा जास्त भरवशाची.

पाण्यासाठी एक काम एकदाच करून बघा. क्लासच्या आधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांत वजन घ्या. जितके ग्रॅम उतरले त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवलं की साधारण तेवढे मिलिलिटर घामात गेले असं धरायचं. माझ्या बॅचमध्ये एकाच तासात कुणाचं ४०० ग्रॅम जातं, कुणाचं किलोभर. म्हणून ‘तासाला एक बाटली’ असा सरसकट नियम सांगणं मला पटत नाही. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांएवढं पाणी गेलं की दमसास कमी पडायला लागतो. उलट क्लासनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय. त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, तेही धोक्याचंच.

आता प्रकार. उन्हाळा आणि तुमची लाज, दोन्ही धरून माझी पहिली पसंती पाण्यातल्या व्यायामाला, म्हणजे अॅक्वा एरोबिक्सला. पोहता येत नसलं तरी चालतं, उथळ पाण्यातल्या क्लासमध्ये पाय तळाला टेकलेलेच असतात. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा साधारण निम्मा भार पाणी उचलतं, छातीपर्यंत गेलात की पायांवर जेमतेम एक तृतीयांश उरतो. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर उडी न मारणाऱ्या बायका पाण्यात मुलींसारख्या उड्या मारतात, हे मी दर उन्हाळ्यात बघते आणि दरवेळी मला तेवढाच आनंद होतो. शिवाय कमरेखाली काय चाललंय ते कुणाला नीट दिसत नाही. पाऊल चुकलं तर ते तुमचं तुम्हालाच माहीत.

पाण्यात पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांकडून एक चूक होते. जागच्या जागी धावा म्हटलं की माणूस चवड्यांवर उचलला जातो, टाच टेकतच नाही, आणि अर्ध्या तासात पोटरीत गोळा येतो. मागच्या उन्हाळ्यात एक बाई अशाच कठडा घट्ट धरून थांबल्या. चेहरा पडलेला, ‘मला नाही जमणार’ असं तोंडावर आलेलं. मी पाण्यात उतरले, त्यांना कठड्याकडे तोंड करून दोन्ही हात टेकवायला लावले आणि एकेक टाच तळाला दाबायला सांगितली. दोन मिनिटं मी फक्त ‘टाच, टाच, टाच’ म्हणत होते. गोळा सुटला. मग त्याच ठेक्यावर जागच्या जागी चालणं, मग गुडघे वर, मग हात. तळवा आडवा धरला की तो पाणी कापत जातो, पसरून समोर धरला की पाणी अडतं, आणि ढकलायचा वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणजे जड-हलकं करण्याची कळ तुमच्याच हातात. त्या बाईंनी त्या दिवशी निम्माच क्लास केला, आणि पुढच्या वेळी त्या माझ्या आधी पाण्यात होत्या. एक लक्षात ठेवा, पाण्यातही घाम येतो, फक्त कळत नाही. बाटली काठावर हवीच. उघडा तलाव असेल तर दुपार टाळा.

तालाबद्दल. ताल जमत नाही म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ताल ऐकू येत असतो. त्यांची गडबड होते ती हात, पाय आणि दिशा एकाच वेळी सांभाळताना. एरोबिक्स आणि स्टेपसाठी बांधलेलं संगीत आठ-आठ ठोक्यांच्या गटांत चालतं आणि असे चार गट मिळून ३२ ठोक्यांचा एक तुकडा होतो. हालचाल बदलते ती बहुधा नव्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर. पहिल्या क्लासमध्ये मनातल्या मनात एक ते आठ मोजत राहा. चौथा आठ संपत आला की बदल येणार हे तुम्हाला आधीच कळेल, आणि आधी कळलं की घाबरायला होत नाही. गोंधळ उडाला तर आधी हात सोडा. हात कमरेवर ठेवा, पाय चालू राहू द्या. पायही चुकले तर जागच्या जागी चालत राहा आणि पुढच्या तुकड्याला पुन्हा सामील व्हा.

आणखी एक. समोर तोंड करून उभी असलेली शिक्षिका ‘उजवा’ म्हणते तेव्हा स्वतःचा डावा पाय उचलते, तुम्हाला ती आरशासारखी दिसावी म्हणून. डावं-उजवं डोक्यात करत बसलात तर हमखास चुकाल. ती ज्या बाजूला सरकते त्या बाजूला सरकायचं. आणि लाज वाटते म्हणून शेवटच्या रांगेत उभ्या राहू नका. वळणाची पावलं आली आणि सगळ्यांनी मागच्या भिंतीकडे तोंड केलं की शेवटची रांग पहिली होते, आणि तुमच्यासमोर बघायला कुणीच उरत नाही! दुसऱ्या रांगेत, जरा बाजूला उभ्या राहा. पुढे एक जाणकार पाठ दिसते आणि शिक्षिकेलाही तुमचे गुडघे दिसतात.

डान्सच्या क्लासमध्ये तुमच्यासाठी झुंबा बरा. त्याची सुरुवातच ठरवून न केलेल्या क्लासने झाली. १९९० च्या दशकात कोलंबियातल्या काली शहरात बेटो पेरेझ हा एरोबिक्स शिकवायचा. एके दिवशी तो क्लासची कॅसेट घरी विसरला, आणि जवळ होत्या त्या सालसा-मेरेंगे या लॅटिन नाचगाण्यांच्या कॅसेटवर त्याने वेळ मारून नेली. लोकांना ते इतकं आवडलं की तीच पद्धत पडली. आजही झुंबात शिक्षिका फारसं बोलत नाही, पाऊल फोडून शिकवत नाही, खुणा करते आणि वर्ग तिच्यामागे जातो. अचूकपणा कुणी तपासत नाही. स्टेप एरोबिक्सचा स्वभाव बरोबर उलटा, तिथे रचना हळूहळू बांधत नेतात आणि चुकलं की कळतं. ज्यांना कोडी सोडवायला आवडतं ते स्टेपवर खूश असतात. स्टेपवर गेलात तर पहिला महिना सगळ्यात कमी उंची, म्हणजे १० सेंटिमीटर. पूर्ण पाऊल फळीवर, टाच बाहेर लटकू द्यायची नाही, आणि उतरताना पाय फळीजवळच टेकवायचा.

इनडोअर सायकलिंगची मजा काही और आहे. दिवे मंद, गाणं जोरात, कुणी कुणाकडे बघत नाही. लाजाळू माणसाला हे फार मानवतं. पण इथे मी जरा कडक बोलते. सायकलशेजारी उभं राहून बैठक कमरेच्या हाडाच्या पातळीला आणा. मग बसा, पॅडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ताठ होत असेल तर बैठक खाली, फार दुमडत असेल तर वर. शिक्षक न विचारता येऊन हे बघत नसेल तर तुम्ही हात वर करा. अनेक सायकलींचं जड चाक पॅडलला थेट जोडलेलं असतं, पाय थांबवले तरी ते फिरत राहतं आणि पाय ओढून नेतं. म्हणून रोध, म्हणजे पॅडलचा जडपणा, अगदी शून्यावर कधी आणायचा नाही, आणि थांबायचं असेल तर गुंडी दाबून ब्रेक लावायचा. तो ब्रेक कुठे आहे ते बसण्याआधी बघून ठेवा.

आणि पहिल्याच सायकलिंग क्लासमध्ये शर्यत लावू नका. सवय नसलेल्या मांड्यांनी पाऊण तास जिवाच्या आकांताने पॅडल मारलं तर क्वचित स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पहिल्याच सायकलिंग क्लासनंतर असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्यांत तरुण, धडधाकट माणसंही आहेत. उकाडा आणि पाण्याची कमतरता यांनी धोका वाढतो. नेहमीचं आंबलेपण एक ते तीन दिवसांत चढतं आणि मग उतरत जातं. पण मांड्या सुजल्या, कडक झाल्या, जिना उतरता येईना आणि लघवीला गडद तपकिरी रंग आला, तर विश्रांती घेत वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हे सांगून मला तुम्हाला घाबरवायचं नाही. पहिले तीन क्लास तुम्ही मधूनमधून थांबलात, अर्ध्या तासाने उतरलात, तर ते अगदी योग्यच आहे एवढं सांगायचंय.

बाकीचे भराभर सांगते. मॅट पिलाटेस, म्हणजे चटईवरचे पोट-पाठीचे सावकाश व्यायाम, उन्हाळ्याला फार सोयीचं, शरीर कमी तापतं आणि बैठ्या कामाने गेलेली कंबर-पाठ ताळ्यावर येते. आठवड्यात एक तास त्याला द्याच. बॉक्सिंगचे फिटनेस क्लास, ज्यात कुणी कुणाला मारत नाही, मन मोकळं करायला उत्तम. मनगट ठोशात सरळ राहिलं पाहिजे आणि पट्टी बांधून घेतल्याशिवाय पिशवीवर हात टाकायचा नाही. झोक्यावरचा एरियल योग मजेचा आहे, पण त्यात डोकं खाली, पाय वर असतं. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू असेल, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल तर नको. मुद्दाम तापवलेल्या, ४० अंशांच्या खोलीतला योग नव्या माणसाने उन्हाळ्यात सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मैदानावरचे बूट कॅम्प, म्हणजे लष्करी धाटणीचे कसरतीचे क्लास, सूर्य वर यायच्या आत असतील तरच. संध्याकाळी ऊन उतरलं तरी फरसबंदी आणि डांबर बराच वेळ उष्णता सोडत राहतात, त्यामुळे संध्याकाळी जायचंच असेल तर गवतावर. आणि ‘ताबाता’ अशी पाटी लावून ४५ मिनिटं चालणारे क्लास उन्हाळ्यापुरते बाजूला ठेवा. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ साली मांडलेला मूळ प्रकार २० सेकंद जोर आणि १० सेकंद विसावा असा, सगळा मिळून ४ मिनिटांचा आहे, आणि तो कसलेल्या खेळाडूंनाही झेपायला जड जातो.

एकटीने तीन वर्षं चालल्यावर घोळक्यात जायचं कशाला, असंही तुम्हाला वाटत असेल. १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या नौकानयन क्लबाच्या लोकांना आधी एकेकट्याने आणि मग जोडीने वजन उचलायला लावलं. जोडीतला दुबळा गडी एकट्याने जेवढा टिकला त्याहून जोडीत जास्त टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत फार फरक असला किंवा अजिबात नसला, तर हा फायदा कमी होत होता. क्लासमध्ये मी हे रोज बघते. म्हणून पहिल्या महिन्यात वर्गातल्या सगळ्यात तयार मुलीशेजारी उभ्या राहू नका. तुमच्याहून थोडी पुढे असलेली, दोन-तीन महिने जुनी अशी कुणी शोधा. तुमची मैत्रीण बरोबर येणार असेल तर फारच छान, पण ती आली नाही तर आपणही जायचं नाही असं ठरवू नका. या एका कारणाने सुटलेले क्लास मी फार पाहिलेत.

कुठलाही प्रकार एकदाच करून त्याच्याबद्दल मत बनवू नका. पहिल्या वेळी सगळं लक्ष ‘आपण कसे दिसतोय’ यात जातं, दुसऱ्या वेळी पावलांत, आणि तिसऱ्या वेळी कुठे गाणं कानावर पडतं. तीन वेळा जा आणि मग स्वतःला एकच विचारा: चौथ्यांदा जायची ओढ आहे का? नसेल तर तो प्रकार सोडून द्यायला काही हरकत नाही, त्यात तुमचं अपयश नाही. आठवड्याला दोन क्लास आणि उरलेल्या दिवशी तुमचं नेहमीचं चालणं, इतकं धरलं तर दोन महिन्यांत पाच प्रकार आरामात होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचं काम सांगते, त्यातली १५० मिनिटं तरी यात बसतात. म्हणून पहिल्याच दिवशी वर्षाचं सदस्यत्व घेऊ नका. एकेका क्लासचं शुल्क थोडं महाग पडलं तरी उन्हाळाभर तसंच चालू द्या.

थांबायचं कधी, तेही पाठ हवं. डोकं जड होणं, मळमळ, घेरी, अंगावर काटा येऊन थंडी वाजल्यासारखं वाटणं, पोटरीत गोळे, यातलं काहीही झालं की थांबा, सावलीत किंवा पंख्याखाली बसा, पाय वर घ्या, घोट घोट पाणी प्या. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं तरी त्या दिवशी परत आत जायचं नाही. शेजारचं कुणी बरळायला लागलं, वेड्यावाकड्या चालीने चालू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, मिळेल त्या गार पाण्याने अंग भिजवा, वारा घाला. उष्माघातात शरीर किती लवकर थंड केलं यावर बरंच काही अवलंबून असतं. आणि क्लास संपला की लगेच उन्हात बाहेर पडू नका. शेवटची शिथिलतेची पाच मिनिटं सोडून निघालेली माणसं जिन्यात भिंतीला धरून बसलेली मी पाहिलीत. जोरात चाललेले पाय एकदम थांबले की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं लवकर जा आणि शिक्षिकेला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगा. मी आज पहिल्यांदाच आले आहे. माझा अमुक सांधा दुखतो, किंवा अमुक गोळ्या चालू आहेत. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि काही अॅलर्जीच्या गोळ्यांनी उकाडा सोसायची ताकद कमी होते, त्यामुळे डॉक्टरांनाही आधी विचारून ठेवा. आणि तिसरी, मी मधेच थांबले किंवा निघाले तर काळजी करू नका. मला कुणी हे येऊन सांगितलं की मी तिला दुसऱ्या रांगेतली पंख्यासमोरची जागा देते, आणि उडीचं प्रत्येक पाऊल शिकवताना त्याचं बिनउडीचं रूप आधी करून दाखवते.